धुक्यात आठशे मीटर

बीशियाताई आमच्या मात्सू बेटांवरच्या विमानतळावर हवामान बघायच्या. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं, समुद्रातला कुठला खडक दिसतोय ते पाहायचं आणि किती लांबचं दिसतंय ते येऊन सांगायचं. धुक्यातून वैमानिक यंत्रांच्या काट्यांवर येतो खरा, पण टेकताना धावपट्टी त्याला डोळ्यांनी दिसावीच लागते.

त्यांची धाकटी बहीण बीलियन आईशी भांडून समुद्रापलीकडे ताओयुआन शहरात गेली, ती अकरा वर्षं फिरकली नाही. फोन नाही की निरोप नाही. त्या एप्रिलमध्ये मात्र आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला येते म्हणून तिने आपणहून कळवलं. आईने सकाळीच, आमच्याकडे वाढदिवसाला करतात त्या लाल दारूतल्या शेवयांची तयारी मांडली.

दहाच्या सुमाराला धुकं आलं.

विमान वर घिरट्या घालू लागलं. रेडिओवर मी होतो. ताई गच्चीवरून उतरल्या तेव्हा त्यांचे केस ओले झाले होते.

"आठशे मीटर," त्या म्हणाल्या.

उतरायला सोळाशे लागायचे. मी हळूच म्हणालो, "ताई, धुकं हलतंय. सोळाशे म्हटलं तर तो खाली येऊन बघेल तरी. नाहीतर परत जाईल."

"आणि खाली येऊन समोर डोंगरच दिसला तर?"

"विमानात बीलियन आहे, ताई."

"म्हणूनच म्हणतेय. आठशे सांग, लिन."

मी सांगितलं. पाव तास आवाज डोक्यावर फिरत राहिला. ताई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मग आवाज विरत विरत गेला.

दुपारी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. शेवयांचा लगदा झाला होता.

आई म्हणाली, "मला ऐकू आलं. घरावरच होती की पोरगी. अकरा वर्षांत इतकी जवळ आली नव्हती."

"मीच नाही म्हणाले, आई."

"ते कळलं मला. बरं केलंस. बसा, जेवा."

बीलियनची रजा संपली, त्या वर्षी तिला पुन्हा येणं जमलं नाही. पण दर रविवारी तिचा फोन येऊ लागला. आईशी बोलायला अजून जीभ रेटत नसे, म्हणून ती ताईंशीच हवापाण्याचं बोलायची. आई शेजारी बसून ऐकायची.

एका रविवारी आई पुटपुटली, "जेवली का, विचार तिला."

ताईंनी फोन आईच्या कानाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.