सागाची चार पानं

रायलीबाईंचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. तोरणमाळच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे त्या राहतात. त्या दिवशी अंगणात त्या बोलल्या नसत्या तर दुसऱ्या सकाळी मला परतीच्या एसटीत बसवलं असतं. मॅडमचे उपकार आहेत, जीपवाल्या सुकदेवभाऊंचेही आहेत. पण पहिलं नाव रायलीबाईंचं.

मी वेंगुर्ल्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून कलमांच्या नर्सरीत आहे. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम तिथे येत असत. फांद्या, फुलं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचं काम मला जमतं हे त्यांनी पाहिलं होतं. परदेशातून दोन विद्यार्थिनी सातपुड्यातली झाडं आणि तिथल्या लोकांच्या चालीरीती शिकायला येणार होत्या. "महिनाभर येतोस का?" मॅडमनी विचारलं. मी हो म्हटलं खरं. कुडाळच्या पलीकडे मी दोनदाच गेलो होतो. आई म्हणाली, "गावात तां खा, पण पाणी उकळून पी हां." (मिळेल ते खा.)

तीन गाड्या बदलून नंदुरबारला उतरलो, तिथून शहाद्याची एसटी. प्रकाशा गावाच्या पुलावर बायकांनी खिडकीतून हात जोडले. खाली तापी. आमच्याकडच्या नदीपलीकडून हाक मारली तर ऐकू येते. इथे पलीकडचा माणूस दिसणारही नाही. पुढे दोन्ही बाजूंनी केळी, मग कापूस, मग ऊस. सगळं सपाट. डोंगर कुठे आहे हे विचारायचं मनात होतं, पण शेजारचे हसतील म्हणून गप्प बसलो.

शहाद्याला जीप घेऊन सुकदेवभाऊ उभे होते. ते लोणखेड्याचे, बोलणं अहिराणी, डोंगरातली पावरी भाषाही त्यांना येते.

"कथाईन उनात भाऊ?" (कुठून आलात?)

"वेंगुर्ल्याहून."

"ते कथं शे?"

"समुद्राकडे."

"मंग आठे काय खाशात? आठे ते मासा बी भेटाव नई!" (इथे तर मासाही मिळणार नाही!) आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

जीपमध्ये मॅडमनी प्रत्येकाला एक कागद दिला. दोन्ही बाजूंनी छापलेला, इंग्रजी. पाड्यात कसं वागायचं, काय करायचं, काय नाही. शेवटी सही करायची होती. त्या दोन मुलींनी वाचून सह्या केल्या. "वाचलंस ना?" मॅडमनी मला विचारलं. मी हो म्हटलं, सही केली आणि माझी प्रत घडी घालून खिशात ठेवली. मॅडमना माझी सातवी ठाऊक होती, इंग्रजीचं ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी ते सांगायचा धीर झाला नाही.

घाट सुरू झाला तशी वळणं मोजायला लागलो. पाचव्या वळणावर सुकदेवभाऊंना गाडी थांबवायला लावली आणि दरीकडे तोंड करून ओकलो. मुली तोवर खिडकीतून बाहेर वाकून फोटो काढत होत्या. परदेशातून त्या आल्या होत्या, पण परदेशात आल्यासारखं मलाच वाटत होतं.

पाडा म्हणजे दूर दूर विखुरलेली घरं. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, कुडाच्या भिंती, वर कौलं. आमची सोय रायलीबाईंच्या पडवीत होती. पन्नाशीच्या बाई, अंगानं काटक. मराठी बाजारात शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अहो-जाहो नाहीच. मॅडमनाही "तू". पहिल्या जेवणाला मक्याची जाड भाकरी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ. कैऱ्यांच्या वाळवलेल्या फोडींच्या टोपल्या पडवीतच होत्या. आमच्याकडे आंबटाला कोकम, इथे आमचूर. मी घाबरत दुसरी भाकरी मागितली.

"लाजतो कशाला?" रायलीबाई म्हणाल्या. "तू माझ्या चुलीचं खातो. आता माझाच झाला."

मला वाटलं, म्हणायची पद्धत असेल.

पाऊस लागून बरेच दिवस झाले होते. रान नव्या पानांनी भरलं होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला ओढ्याकडे पाठवलं, पडलेली फुलं आणि शेंगा गोळा करायला. परत येताना सर आली. वर्तमानपत्रांचं बाड भिजलं असतं तर सकाळची मेहनत वाया. बाजूलाच साग होता. कोवळी, सुपाएवढी पानं. आमच्याकडे सागाचं पान कोणी विचारून तोडत नाही. भात बांधायला, फणसाचे गरे ठेवायला, कशालाही तोडतात. मी चार तोडली. तीन बाडावर बांधली, चौथं डोक्यावर धरलं आणि पाड्यातून सरळ चालत आलो.

पहिल्या घरापाशी एक म्हातारी उठून उभी राहिली. दुसऱ्या घरातली पोरं माझ्याकडे बोट दाखवत ओरडत मागे आली. मी त्यांच्याकडे बघून हसलो. चांगलं वाटलं, खरं सांगायचं तर.

अंगणात पोचलो तेव्हा सुकदेवभाऊ जीप पुसत होते. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"काय करी टाकं रे भो!"

मग कळलं. नवं हिरवं आलं की आधी त्याची पूजा होते. ती होईपर्यंत पाड्यातलं कोणी सागाचं नवं पान तोडत नाही, नवी भाजी खात नाही. पूजा पाच दिवसांवर होती. मॅडमनी पाड्याला शब्द दिला होता की तोवर फक्त बघू, पडलेलं उचलू, झाडाला हात लावणार नाही. तो शब्द त्या कागदावर होता. तो कागद माझ्या खिशात.

थोड्या वेळात पुजारा (पूजा सांगणारा) आला, बरोबर आठ-दहा माणसं. आरडाओरडा नाही. सगळे उकिडवे बसले. त्याची भीती मला जास्त वाटली. पुजारा हळू आवाजात पावरीत बोलला. सुकदेवभाऊंनी सांगितलं, "तो म्हणी ऱ्हायना, पूजाना पहिले पान तुटनं. आते ढोरं जंगलमा कशी धाडानी? काही व्हयनं ते कोणना माथे?" पूजेआधी पान तुटलं तर वाघ ढोरं नेतो, असं तिथे मानतात. वाघाचं नाव कोणी घेतलं नाही, पण सगळे रानाकडे बघत होते. ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घराला जाब होता. रायलीबाईंचे दोन बैल आणि शेळ्या त्या वेळी रानातच होत्या. पाड्यानं आम्हाला जा म्हटलं असतं तर त्या मुलींचा अभ्यास तिथेच संपला असता, आणि माझं काम तर संपलंच असतं.

"याला कोणी सांगितलं नव्हतं का?" पुजाऱ्यानं मग मराठीत विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "लिहून दिलं होतं. त्यानं सही केली आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप खिशावर गेला. रायलीबाईंनी तो हात पाहिला. उठल्या, माझ्या खिशातून कागद काढला, घडी उलगडली, उलटा-सुलटा करून बघितला आणि मराठीत, मॅडमकडे तोंड करून बोलल्या.

"असा कागद मला पण देतात. दवाखान्यात देतात, रेशनला देतात. मी पण हो म्हणते. मी पण कमरेला खोचते."

मग पुजाऱ्याकडे वळून पावरीत काही तरी बोलल्या. दोन-तीन माणसं हसली.

"काय म्हणाल्या?" मी सुकदेवभाऊंना विचारलं.

"म्हणे, हा मना (माझ्या) घरना माणूस शे. घरना येडा बी घरनाच ऱ्हास."

तेव्हा मी तोंड उघडलं. मॅडमना म्हटलं, मला इंग्रजी वाचता येत नाही, तरी मी हो म्हटलं. हे बोलायला मला जीपपासून अख्खा एक दिवस लागला होता.

मॅडमनी रायलीबाईंच्या हातातला कागद घेतला. मग म्हणाल्या, "मी मराठीत द्यायला हवा होता. आणि तू विचारायला हवं होतंस."

पुजाऱ्यानं ती चार पानं मागून घेतली, पुसली आणि आपल्याबरोबर नेली. ठरलं ते असं: मी पूजेपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही आणि पूजेला माझ्या नावानं रायलीबाईंच्या घरातून नारळ द्यायचा. संध्याकाळी बैल, शेळ्या आल्या. रायलीबाईंनी त्या दोनदा मोजल्या. मीही मोजल्या.

पाच दिवस मी पडवीत होतो. आमचूर निवडलं, कूड लिंपायला माती मळली, मुलींनी आणलेल्या पडलेल्या शेंगा दाबल्या. मॅडम रोज सकाळी दिवसाचं काम सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या, मराठीत.

पूजेला प्रत्येक घरातून मूठभर धान्य आणि एक नारळ आला. रायलीबाईंकडे बाजारातून आणलेला एकच होता, लहानसा, आतलं पाणी आटलेला. तोच त्यांनी घराच्या आणि माझ्या नावानं दिला. त्यांची सून कुजबुजली, "माणूस वाढला आणि नारळ तेवढाच." माझी चार पानं, आता सुकलेली, पुजाऱ्यानं बाकीच्या हिरव्याशेजारी ठेवली. त्यानंतर सगळ्यांबरोबर मलाही पान तोडायला सांगितलं. माझा हात फांदीपाशी थांबला. पोरं हसली, तेव्हा तोडलं.

महिना संपला. निघताना रायलीबाईंनी आमचुराची पुडी दिली. मी म्हटलं, आमच्या परसात नारळाची सहा झाडं आहेत.

"सहा?" त्या म्हणाल्या. "आणि माझा एकच होता, तो तू खाल्ला!"

घरी आल्यावर आईनं त्या आमचुराची बांगड्यांची आमटी केली. सुकदेवभाऊंना फोनवर सांगितलं तर बराच वेळ हसले. परसातल्या विहिरीजवळच्या माडाचे नारळ सगळ्यांत मोठे असतात. त्यातला एक मी काढून ठेवला आहे, न सोललेला, पाण्यानं भरलेला. पुढच्या पूजेला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. नारळ खराब झाला तर त्याच माडाचा दुसरा काढीन. पण तो मी स्वतः घेऊन जाणार, एसटीत मांडीवर ठेवून, आणि रायलीबाईंच्या पडवीत त्यांच्या हातात देणार.