लांडगा शाली विकत नाही

डोसिंदाचे पाय कधी एका जागी ठरले नाहीत. सोतेलो गावातल्या बायका चुलीपाशी बसून चेस्टनट सोलत असत, तेव्हा हीसुद्धा बसे. पण हातातली चार सोलून होतात न होतात तोच उठून दारात जाऊन येई. काय झालं म्हणून कोणी विचारलं, तर म्हणे, काही नाही, कोणी आल्यासारखं वाटलं. कोणी आलेलं नसे.

एकदा तिनं पाद्रीबाबांचं खेचर चोरीला गेलं म्हणून सगळा गाव गोळा केला होता. माणसं काठ्या घेऊन डोंगर चढली आणि खेचर चर्चच्या मागच्या कुरणात सावलीला उभं होतं. त्याला वर्षं लोटली, तरी डोसिंदानं कशाबद्दल शंका काढली की कोणीतरी विचारायचंच, "खेचर सापडलं का गं?" तीही हसायची. तिला स्वतःलाच आपल्या शंकांचा भरवसा नव्हता.

तिचं लग्न झालं नव्हतं. धाकटी बहीण युफेमिया हीच तिची माणूस. युफेमियाचा नवरा आमारो जानेवारीच्या बर्फात दारू पिऊन येत होता, तो स्वतःच्या घराच्या दाराशी पडून गोठला. दार चार बोटांवर होतं आणि बिचाऱ्याला सापडलं नाही, असं गाव म्हणत होता. युफेमियानं विधवेचं काळं घेतलं, काळी शाल पांघरली आणि सतरा वर्षांच्या रोसेंदाला घेऊन डोसिंदाच्या घरी राहायला आली. तीन तोंडं आणि उतारावरचा शेताचा एक तुकडा. ईस्टरनंतर फेरीवाल्यानं युफेमियाला सांगितलं की, दूर सांतांदेर शहरात एका पाद्रीबाबांच्या घरी स्वयंपाकाला बाई हवी आहे, मी त्या बाजूला निघालोच आहे, चल. ती गेली. जम बसला की मुलीला बोलावते, असं सांगून गेली.

त्या माणसाचं नाव आता तिकडच्या डोंगरांत कोणी घेत नाही. नुसतं 'फेरीवाला' म्हणतात, किंवा त्याहून वाईट काही. पण त्या वेळी तो सगळ्यांचा लाडका होता. ठेंगणा, गोरा, आवाज मऊ. सुया, रिबिनी, रुमाल विकायचा. बायकांत बसून टकळीवर सूत काढायचा, मोजे विणायचा, आणि चर्चची घंटा झाली की सगळ्यांच्या आधी गुडघे टेकायचा. पुरुष त्याला हसत. बायका म्हणत, हसा, पण तुमच्यापेक्षा बरा आहे, पीत तरी नाही. अनोळखी डोंगरवाटांनी त्याच्याबरोबर बाया गेल्या, लेकी गेल्या, आणि प्रत्येकीची खुशाली तो परत येऊन तोंडी सांगायचा. लिहिता-वाचता येतं कोणाला होतं?

चेस्टनट पडायच्या दिवसांत तो आला आणि युफेमियाचा निरोप घेऊन आला. ती मजेत आहे, अंगानं भरली आहे, लेकीला घेऊन ये म्हणाली आहे. रोसेंदा आनंदानं वेडी झाली. मृतांचा सण झाला की दुसऱ्या सकाळी निघायचं ठरलं. डोसिंदानं तिच्यासाठी नवे मोजे विणायला घेतले, आणि ते विणताना ती इतक्यांदा उठून दारात गेली की रोसेंदा म्हणाली, "मावशी, अशानं एक मोजा सांतांदेरला पोचेल आणि एक इथंच राहील."

मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, आसपासच्या वाड्यांतली माणसं चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आली. पुढच्या रांगेत गिरणीवाल्याची बायको फिलोमेना गुडघे टेकून बसली होती. तिच्या खांद्यावर काळी शाल होती, आणि शालीच्या कोपऱ्यात निखारा पडून जळालेली जागा राखाडी दोऱ्यानं रफू केलेली होती. तो दोरा डोसिंदाच्याच घरचा. बाहेर आल्यावर तिनं फिलोमेनाला गाठलं.

"फिलोमेना, ही शाल कुठली गं?"

"का, डोळ्यांत भरली? फेरीवाल्याकडनं घेतली. घासाघीस करून घेतलीय हं, मागायची नाही."

"ही आमच्या युफेमियाची आहे."

"मग तिनंच विकली असेल. मेलेल्या बाईची तर नाही ना?" फिलोमेना म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला.

फेरीवाला तिथंच, चर्चच्या भिंतीपाशी रुमाल पसरून बसला होता. त्याला विचारलं तर तो जराही गडबडला नाही. उलट लाजल्यासारखा झाला. म्हणाला, "डोसिंदाबाई, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत." तिथं एक सुतार आहे, तोही विधुर, चांगला माणूस आहे, तिच्याशी लग्न करतोय. माझ्या घरात काळं नको म्हणाला. म्हणून तिनं शाल काढली आणि लेकीच्या वाटखर्चाला होईल म्हणून फेरीवाल्याकडे विकायला दिली.

मग काय, बायकांना सणाच्या दिवशी मेजवानीच मिळाली. आमारोबरोबर जिनं इतकी वर्षं काढली, तिला सुतारसुद्धा राजपुत्र वाटायचा, असं एक म्हणाली. दुसरीनं विचारलं, त्या सुताराला भाऊ आहे का. डोसिंदा म्हणाली की, पण आमारोच्या वर्षाची मिस्सा अजून व्हायची आहे. त्यावर उत्तर आलं की शहरात कोण वर्ष मोजतंय, आणि मागून कोणीतरी खेचराची चौकशी केली. सगळ्या हसल्या. रोसेंदाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

डोसिंदा हसली नाही. तिला जे माहीत होतं, ते त्या बायकांना माहीत नव्हतं.

युफेमियानं काळं घेतलं होतं ते दुःखानं नव्हे, भीतीनं. त्या रात्री आमारोला दार सापडलं होतं. तो दार ठोठावत होता आणि युफेमिया आतून अडसर धरून बसली होती, तो पुन्हा मारील म्हणून. ठोठावणं थांबलं तेव्हा तिला वाटलं, गोठ्यात जाऊन झोपला असेल. सकाळी दार उघडलं तर तो उंबऱ्याशी. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं की, वर्षाची मिस्सा होईपर्यंत तो बाहेरच उभा आहे. काळ्यात असलेल्या बाईला मेलेली माणसं आपली समजतात आणि पुढं जातात. काळं उतरलं की तो ओळखणार, दार कोणी उघडलं नाही ते. ती शाल घेऊनच झोपायची. धुतानासुद्धा पूर्ण उतरवत नसे. एक टोक खांद्यावर ठेवून दुसरं धुवायची. हे तिनं डोसिंदाला सांगितलं होतं आणि चुलीवर भांडं टांगायच्या साखळीला हात लावून शपथ घ्यायला लावली होती: कोणाला नाही, आणि रोसेंदाला तर मरेपर्यंत नाही.

आता रोसेंदाला थांबवायचं तर तेवढा एकच शब्द तिच्यापाशी होता, आणि तोच बांधलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी-भाची चेस्टनटच्या राईत होत्या. काटेरी बोंडं लाकडी जोड्यांच्या टाचेखाली दाबून फोडायची आणि फळं टोपलीत टाकायची, असं चाललं होतं. रोसेंदा एकेक बोंड असं चिरडत होती, जणू तो सुतारच आहे. त्याला एकदा बघूनच घेते, म्हणत होती.

"जाऊ नकोस," डोसिंदा म्हणाली.

"का?"

"मला बरं वाटत नाही."

"तुला कधी बरं वाटलंय, मावशी?"

डोसिंदा टोपलीपाशी खाली बसली, उठली, परत बसली. मग तिनं सांगितलं. दाराचं, अडसराचं, शालीचं. भाचीकडे न बघता, टोपलीतली फळं उगाच वरखाली करत. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता ही मला दगड मारील.

रोसेंदानं पायाखालचं बोंड तसंच दाबून धरलं.

"मी जागी होते," ती म्हणाली. "आधी त्यानं हाका मारल्या. मग नुसतं दार वाजत राहिलं. मला वाटलं, आई उठेल. मग वाटलं, नको उठू दे." तिनं पाय उचलला. "आईला कधी बोलले नाही, मला माहीत आहे म्हणून. तिला वाटत होतं, एकटी तीच."

"आईनं ती शाल उतरवली नसती, मावशी."

"नाही."

"मग कोणी उतरवली?"

टोपली तिथंच ठेवून दोघी घरी आल्या.

सकाळी फेरीवाला वेशीवरच्या दगडी क्रुसापाशी खेचर घेऊन उभा होता. डोसिंदा एकटीच गेली. सांगितलं, पोरीला ताप भरलाय. तो म्हणाला, मग एक दिवस थांबतो. ती म्हणाली, नको. घाट बर्फानं बंद व्हायच्या आत तुम्ही निघा. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडून सांगणार काय? एका बाईनं शाल विकली म्हणून? गावानं खेचराचंच विचारलं असतं.

फेरीवाल्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मग तिच्या आईला काय सांगू?"

"सांगा, डोसिंदानं शब्द मोडला."

"एवढंच?"

"तिला कळेल."

तो हसला, वसंतात पुन्हा येईन म्हणाला आणि घाटाकडे वळला.

पुढचं तिकडं सगळ्यांना माहीत आहे. दोन उन्हाळ्यांनंतर तो दूर दक्षिणेत गव्हाच्या कापणीवर मजुरी करताना सापडला. सोतेलोकडचेच काही मजूर तिथं होते, त्यांनी ओळखला. किती बायका आणि किती लेकरं मारली, ते त्यानंही धड सांगितलं नाही. त्यांची चरबी काढून तो सीमेपलीकडच्या औषधवाल्यांना विकायचा, असं लोक बोलू लागले. त्यानं न्यायालयात सांगितलं की, मला शाप आहे, माझा लांडगा होतो आणि मग मला शुद्ध राहत नाही. मोठमोठी माणसं त्यावर महिनोन्‌महिने वाद घालत बसली. डोसिंदाला साक्षीला नेलं होतं. कारकुनानं विचारलं की, बाई, तुम्हाला काय वाटतं. ती म्हणाली, "लांडगा शाली विकत नाही." कारकुनानं ते लिहून घेतलं की नाही, कोणास ठाऊक.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. खेचराच्या घंटेचा आवाज घाटात विरला, तरी डोसिंदा घरी वळली नाही. ती उतारानं खाली निघाली, ओढ्याकाठच्या वस्त्यांकडे, जिथं जिथं त्याचं जाणंयेणं होतं तिथं. दारोदार गेली. आणि प्रत्येक दारात तिला बहिणीची तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली, कारण त्याशिवाय शालीला काही अर्थच नव्हता. प्रत्येक दारात युफेमियाची लाज पुन्हा उघडी पडत होती. काही घरांतून तिला हसून वाटेला लावलं. एका घरी म्हातारा म्हणाला, नवऱ्याला दार न उघडणारीची बहीण तू, तुझं कोण ऐकणार? फिलोमेनानं तर आतूनच सांगितलं की, शाल परत मिळणार नाही.

शेवटच्या घरी एक बाई कोबीच्या पानांचं कढण ढवळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. डोसिंदाला वाडगाभर कढण दिलं आणि काळ्या पावाचा तुकडा दिला. डोसिंदा उभ्यानंच खात होती.

"तो परत कधी येणार म्हणाला?" बाईनं विचारलं.

"वसंतात."

बाईनं पळी खाली ठेवली, दारात गेली आणि अंगणात गाय बांधत असलेल्या आपल्या मुलीला तिनं आत बोलावलं.