मामांच्या शिंगातलं वारं

"तुमच्या भावाचं वारं हाय अजून ह्यात. ते निघाल्याबिगर तोंड लावू नगा," तांबट धाकट्या मामांना म्हणाला.

रहिमतपुरातल्या त्याच्या कारखान्यात थोरली मामी आणि मी पोत्यावर बसलो होतो. थोरले मामा उन्हाळ्यात गेले. दुष्काळ सरल्यानंतरची पहिली जत्रा जवळ आली होती आणि देवाचं शिंग आता धाकटे मामा फुंकणार होते. शिंगाचा पुढचा भाग तडकला होता, तो नवा घडवायचा होता. तोंडाकडचा जुना भाग विस्तवावर धरून गेलेल्याचं वारं काढायची रीत होती. वारं निघालं नाही, तर शिंग वर्षभर गेलेल्याच्याच घरी टांगून ठेवायचं.

"राहू द्या की यंदा," मामी म्हणाली.

"म्हंजी पालखी मुक्यानं काढायची व्हय, वहिनी?"

तांबटाने पितळेचा पत्रा लोखंडी दांड्याभोवती वळवला, लाकडी मोगरीने ठोकून नळी केली, सांधा जोडला. मग आत पातळ राळ ओतली. ती घट्ट झाली की नळी वाकवताना चेपत नाही. भरलेल्या नळीवर त्याने टिचकी मारली. पितळ असून नाद आला नाही. मला उगाच आपल्या गळ्याला हात लावावासा वाटला.

जुन्या भागाला पोचे होते, म्हणून तोही राळेने भरून ठोकला. शेवटी दोन्ही भाग विस्तवावर धरले. नव्यातली राळ मुकाट गळाली. जुन्यातून काही येईना. मग आतून आवाज आला, खोल, घोगरा. तांबटाचा हात थांबला.

"बुडबुडा हाय," धाकटे मामा हसले. "निघालं वारं. आणा हिकडं."

तांबटाने शिंग हातातून सोडलं नाही. मामी माझ्याकडे वळली.

"तू इंग्रजी शाळंतली. तुझं हे दोघं ऐकतील. काय हुतं गं ते?"

तापली की हवा पसरते, हे पाचगणीच्या शाळेत मी पाठ केलं होतं. तेवढं सांगून मोकळं होता आलं असतं. धाकटे मामा मान डोलवायला तयारच होते. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला, आणि या वेळी मी तो ओळखला.

"मामी," मी म्हणाले, "शिंग फुंकायच्या आधी थोरले मामा असेच खाकरायचे."