खिडकीतले पेले

२८ मे. वरच्या खोल्यांमधल्या लोखंडी कॉटना मी हिरवा रंग लावत होते. जूनमध्ये कोचिंगच्या मुली राहायला येणार, त्याआधी तो वाळायला हवा होता. भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात ज्याच्याकडे एखादी खोली जास्तीची, तो ती मुलांना नाहीतर मुलींना देऊन मोकळा होत होता. आम्हीही त्यातलेच.

फाटक वाजलं. नांदेडच्या बसवरून हे पाहुणीला घेऊन आले होते. हे इथल्या कॉलेजात हिंदी शिकवत. मुलगी जपानची, हिंदी शिकायला आलेली. तिचा प्रवेश नांदेडला झाला होता, पण सुट्टीत तिथलं वसतिगृह बंद. तिथल्या सरांनी यांना विचारलं आणि यांनी मला न विचारता हो म्हटलं.

"मैं आपकी बहुत आभारी हूँ," ती हात जोडून म्हणाली. मी अजून तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. "हिंदी शिकायला लातूर? मला वाटलं ही पण डॉक्टर व्हायला आली."

तिला खालची, हॉललगतची खोली दिली. त्या खोलीत आधी माझ्या सासूबाई झोपायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. औशाकडच्या गावात त्यांची धाकटी बहीण भूकंपात भिंतीखाली गेली, तेव्हापासून आत्याबाई स्लॅबखाली झोपल्या नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड बांधून घेतलं आणि उन्हाळा, पावसाळा, थंडी तिथंच काढली. दिवसभर घरात वावरायच्या, अंधार पडला की बाहेर. दर पावसाळ्यात छाती भरायची. मागच्या खेपेला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक पावसाळा ओलीत काढला तर मी काही सांगू शकणार नाही. मी समजावलं, हे रागावले. नणंद भोकरहून मुद्दाम येऊन रडून गेली. आत्याबाईंचं उत्तर एकच. "पत्रा पडला तर खोक पडंल. माणूस मरत न्हाई."

पाऊस तोंडावर आला होता आणि माझ्याजवळचे उपाय संपले होते.

पाहुणी कामाची होती. दुसऱ्याच दिवशी, मी वर रंगात असताना, तिनं हॉल झाडून पुसून काढला. शेडच्या बाजूच्या खिडकीत स्टीलचे पेले एकावर एक रचलेले होते, एक पालथा, त्यावर एक सुलटा, असे. तिला वाटलं, कुणीतरी तसेच विसरले. तिनं ते घासले, पुसले आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर नीट लावले. माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी आत्याबाई शेडमध्ये कॉटवर बसलेल्याच दिसल्या, डोळे लाल. रात्रभर जागल्या होत्या. पाहुणी चहा घेऊन गेली, तशा तिच्यावर घसरल्या.

"पेले कायकू निकाली गे? जमीन हिली तो मेरेकू कैसा समझेगा?"

मुलगी गोंधळली. पुस्तकातल्या हिंदीत म्हणाली, "दादीजी, आप तो बाहर सोती हैं। आपको क्या डर?"

"मेरा नै। ये लोगां अंदर सोते। इनकू कौन उठायेगा?"

मी हातात झाडू घेऊन ओसरीत उभी होते. इतकी वर्षं ते पेले मी रोज उचलून धूळ पुसत होते आणि परत रचत होते. म्हातारीचं खूळ म्हणून. ते आमच्यासाठी होते, हे मला तेव्हा कळलं. आत्याबाई बाहेर झोपायच्या आणि वर आमची राखणही करायच्या.

मुलीनं चहाचा कप खाली ठेवला, आत गेली आणि सगळे पेले घेऊन आली. खिडकीत होते तसे रचले. मग आपल्या खोलीतून एक छोटी पिशवी आणली आणि आत्याबाईंच्या कॉटवर उघडली. बॅटरी, शिट्टी, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा. आमच्याकडेही जमीन हलते, ती म्हणाली, लहानपणापासून. तिची आई अशीच पिशवी उशाशी ठेवते, चपला कॉटखाली दाराकडे तोंड करून ठेवते आणि झोपते.

"अंदर?" आत्याबाईंनी विचारलं.

"अंदर।"

"डर नै लगता?"

"लगता है, दादीजी। डरती भी हूँ, सोती भी हूँ।"

आत्याबाईंनी शिट्टी उचलून उलटसुलट पाहिली. वाजवली. कुंपणापलीकडून वहिनी ओरडल्या, "काय झालं हो?" "काय न्हाई माय, बघून राहिले," आत्याबाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

आत झोपण्याचा विषय मी मुद्दाम काढला नाही. आयुष्यात मी जी काही शहाणपणाची कामं केली, त्यातलं हे एक.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी भाकरी चालू असताना, आत्याबाई माझ्या गॅसपाशी येऊन उभ्या राहिल्या. "पोरगी एकली झोपती. परका मुलूख. माझी कॉट तिच्या खोलीत टाक. दाराला लागून."

"बरं," मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

कॉट आम्ही तिघींनी उचलली. दाराला लागून टाकली. चपला बाहेर तोंड करून ठेवल्या, पेले त्या खोलीच्या खिडकीत आले, शिट्टी आत्याबाईंच्या गळ्यात गेली. मुलगी पुढे नांदेडला गेली, तेव्हा तिच्या हिंदीत 'मेरेकू' आणि 'नक्को' शिरले होते. तिच्या सरांना ते आवडलं नसावं. मी मात्र त्या पोरीचं देणं लागते. आत्याबाई त्यानंतर कितीतरी पावसाळे कोरड्यात झोपल्या.

कॉट आत टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी त्यांच्या खोलीत डोकावले. दोघी झोपलेल्या. मग पाना घेतला आणि त्यांचं मन बदलायच्या आत शेडचे नट सोडायला लागले. दुपारपर्यंत ते पत्रे फाटकाजवळ, कोचिंगच्या मुलींच्या सायकलींसाठी छप्पर म्हणून लागले होते.