मामांचा निळा

नदीच्या कोरड्या पात्रातून अर्धी वाट चालून झाली तेव्हा मामा थांबले. एक डोळा तळहाताने झाकून आभाळाकडे बघू लागले. मग दुसरा झाकला. मग पुन्हा पहिला.

"मामा, काळा चष्मा लावा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"थांब गं जरा. इथे दोन आभाळं आहेत."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, कापड रंगवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं रंगमास्तर. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हापासून रोज संध्याकाळी मीच त्यांना फिरायला नेते.

मी लहान असताना ही नदी मामांच्या मर्जीने वाहायची. कारखान्यात कापडाचे लाल ताके असले की लाल, निळे असले की निळी. उद्या कुठला रंग, हे देव झोपेत ठरवतो असं मला वाटायचं. मासे कधी संपले ते कळलंच नाही. मग पाऊसही हुलकावणी देऊ लागला. गेल्या उन्हाळ्यात पाण्याअभावी कारखाना तीन महिने बंद राहिला. आमचे मिस्टर तिथे कापडाचे गठ्ठे बांधतात. ते घरी बसून दिवसातून दोनदा पंखा पुसायचे.

शेवटी मालकांनी वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरायचं यंत्र बसवलं. नदी नासवून रंगवलेलं कापड घ्यायला बाहेरची गिऱ्हाइकंही कुरकुरत होती. पण ऑपरेशनच्या आधी, नव्या पाण्यातला पहिलाच निळा ताका बघून मामा म्हणाले, "हिरवट मारतोय." झालं! मामांचा शब्द म्हणजे शिक्का. मालकांनी यंत्र विकून कारखाना लांब, भरल्या नदीच्या गावी न्यायचं ठरवलं. उद्या सकाळी ते कामगारांना तसं सांगणार होते.

मामांनी खिशातून त्याच ताक्याची चिंधी काढली आणि उन्हात धरली. पात्रातले गोटे मावळतीने पिवळे झाले होते. वाऱ्यावर ती चिंधी पाण्यासारखी हलत होती, जणू नदीचा तेवढाच तुकडा उरला होता.

"जुन्या डोळ्याने हिरवट," ते हळूच म्हणाले. "आणि या नव्याने... अगं, लख्ख निळा! इतका निळा मी किती वर्षांत पाहिला नाही."

"नमुन्याला लावून नव्हतं बघितलंत?"

"नमुना नवशिक्यांना लागतो, मला निळा पाठ आहे, असं मीच सगळ्यांना सुनावलं ना! जुन्या पाण्यातलं कापड मी डोळे झाकून पास करायचो. नवं म्हटल्यावर डोळे फाडून बघितलं. तेही फुटके!"

"फुटके कशाला? पिकलेले म्हणा."

मामांनी हसून चिंधीची घडी घातली. चाळीस वर्षांत त्यांनी शब्द फिरवला नव्हता. मी मनात देवाचं नाव घेतलं. आमचं घर त्या शब्दावर उभं होतं; कारखाना हलला तर मिस्टरांचं काम जाणार, म्हणून तर मला त्यांना गळ घालवेना.

आम्ही गोट्यांवर बसलो. नदी असती तर आमचे पाय पाण्यात असते.

"उद्या माझ्याबरोबर कारखान्यात चल," मामा म्हणाले. "मी सांगणार आहे. पण सगळ्यांसमोर माझी जीभ अडली, तर तू सांग. म्हणावं, पाणी चांगलं आहे, मास्तरांचा डोळा चुकला. सांगशील ना, बाळ?"