दादाच्या गच्चीचा कोपरा

गच्चीरावांचं खरं नाव त्यांच्या ऑफिसातही कुणाला धड आठवत नसे. बिनतारी यंत्रं उघड्यावर कुठे बसवायची, ती जागा ठरवणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं ते लोकांच्या गच्च्या चढत होते. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "दुरून डोंगर साजरे," म्हणत ते स्वतः वर जायचे. पाण्याची टाकी आड येते का, कठडा खांब पेलेल का, वाऱ्याला यंत्र टिकेल का, सगळं डोळ्यांनी बघायचे.

यावेळचं काम तसं सोपं होतं. टेकडीवरच्या टॉवरचा सिग्नल झेलून खाली दवाखान्याकडे वळवायचा. त्यासाठी दोन्ही दिसतील अशी एक गच्ची हवी. त्या गल्लीत अशी गच्ची एकच होती, आणि ती त्यांच्या थोरल्या भावाची होती.

दादाशी त्यांचा नऊ वर्षांचा अबोला. कारण काय, तर एक शिडी. दादा म्हणे तू नेलीस, हे म्हणत मी परत केली. शिडी पुढे शेजाऱ्याकडे सापडली, पण तोवर दोघंही रागाने इतके वर चढून बसले होते की उतरायला तीही पुरली नसती.

मग काय, गच्चीरावांनी आठवडाभर बाकीच्या गच्च्या पालथ्या घातल्या. शिंप्याच्या गच्चीवरून टॉवर दिसे, दवाखाना नाही. बेकरीवरून दवाखाना दिसे, पण टॉवर धुराड्याच्या आड. तिसरीकडून दोन्ही दिसले, मात्र पत्र्यावर एका पायावर उभं राहिल्यावर.

"सापडली का जागा?" बायकोने विचारलं.

"बेकरीचं धुराडं आड येतं."

"धुराडं कसलं, तुमचं नाक आड येतं," ती म्हणाली. "तिकडे दवाखान्यातली माणसं खोळंबलीत. जा की सरळ दादांकडे."

आठव्या दिवशी ते गेले. वहिनीने दार उघडलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट दाखवलं. दादा वर खुर्ची टाकून बसला होता.

"आठ दिवस बघतोय," दादा म्हणाला. "साऱ्या गल्लीच्या गच्च्या चढून झाल्या तुझ्या. माझ्याच गच्चीने काय घोडं मारलं होतं?"

गच्चीरावांनी दुर्बीण काढली. कोपऱ्यावरून टॉवर समोर, दवाखाना खाली, कठडा भक्कम. एवढी चांगली जागा त्यांना सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. त्यांना रडूच येऊ लागलं, म्हणून दुर्बीण डोळ्यांवरून काढवेना.

"बसव इथे," दादा म्हणाला. मग त्याने विचारलं, "हे तपासायला किती वेळा यावं लागतं रे?"

फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं, वर्षातून एकदा. आणि कामात गच्चीराव अर्ध्या इंचाचंही खोटं कधी बोलले नव्हते.

"दर रविवारी," ते म्हणाले.

दादाने थोडा विचार केला. "सकाळी ये. दुपारी मी झोपतो."