दांड्यावरची मूठ

मालन गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नवराबायको पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती नेहमीसारखं म्हणाली, "आवं, त्या दांड्यांचं सांगा की." मी सांगितलं. अर्धंच. उरलेलं अर्धं तिला कधी सांगितलं नाही — कुणालाच नाही. आता तुम्हाला सांगतो.

मी चौथी शिकलेला, दहिवडीकडचा. बाहेरगावी विमान चालवायला शिकवायचे, तिथं मिस्त्री होतो. विमानात दोन दांडे शेजारी-शेजारी. एक चाकं पोटात घेणारा, दुसरा पंखाची मागची फळी उतरताना खाली सोडणारा अन् मग मिटणारा. पहिल्याची मूठ छोट्या चाकासारखी, दुसऱ्याची चपटी, पंखासारखी. का? उतरताना डोळे बाहेर असतात — हाताला आपलं आपण कळावं म्हणून. आधी म्हणे मुठी सारख्याच असायच्या, अन् भले भले भलताच दांडा ओढायचे. तर कुणीतरी माणसाला शिव्या द्यायचं सोडून मूठच बदलली. त्या डोक्याला मी अजून हात जोडतो. एवढं मोठं यंत्र, अन् त्यानं माणसाच्या हाताचा इचार करायचा! मालन म्हणायची, ज्यानं हे केलं त्याला आईनं लय मायेनं वाढवला असंल.

अन् हे सगळं कळणारा मी — मी काय केलं?

एका विमानाची चाकाची मूठ फुटली. नवी यायला वेळ होता. मी भंगारातली चपटी बसवली. चालतंय की, म्हटलं. कुणाला बोललो नाही.

सांगलीकडची एक पोरगी तिथं शिकायची, मला मामा म्हणायची. तिनं ते विमान झकास उतरवलं. ते जमिनीवर पळत असतानाच फळी मिटायला हात घातला — अन् चाकं आत गेली. विमान पोटावर बसलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण चूक तिची ठरली तर तिचं उडणं संपणार, हे मला ठाऊक होतं. संपलंच, ते आधीच सांगून टाकतो.

संध्याकाळी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "माझ्या हाताला पंखच लागला की ओ, मामा."

मला तोंड नव्हतं का? होतं. म्हणालो, "जा, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब तपासायला यायच्या आत, मी दुसऱ्या विमानाची चाकाची मूठ काढून त्या दांड्याला बसवली. मग पोरीला बोलावलं, तिचा हात धरून त्या मुठीवर ठेवला अन् म्हणालो, "बघ. चाकच हाय."